समुद्रावरचा बंब

तीन बाजूंनी पाणी असलेले शहर पाण्यावाचून जळेल का? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोत हे प्रत्यक्ष घडले. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे तेथे मोठा भूकंप झाला आणि जागोजागी आगी लागल्या. बंब धावले, पण जमिनीखालचे नळ फुटल्यामुळे पाणीच मिळेना. शहर तीन दिवस जळत होते. बंदराचा बराचसा भाग मात्र वाचला, कारण नौदलाच्या बोटींनी खाडीचे पाणी उपसून आगीवर मारले.

रस्त्यावरच्या बंबाला समुद्राचे पाणी घेता येत नाही का? येते, पण मर्यादेत. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. खरे तर पंप नळीतील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचाच स्तंभ तोलू शकतो. व्यवहारात ६-७ मीटरच साधतात. शिवाय बंबाला अगदी काठाशी उभे राहावे लागते. अग्निशामक नौकेत पाणी आत घेण्याचे तोंडच पाण्याखाली असते. त्यामुळे चढाचा प्रश्न उरत नाही, आणि नौकेवर मोठी इंजिने बसवता येतात.

हा धडा घेऊन शहराने १९०९ मध्ये वाफेवर चालणाऱ्या दोन नौका घेतल्या. एकीला भूकंपात प्राणघातक जखमी झालेले अग्निशमन प्रमुख डेनिस सलिव्हन यांचे नाव दिले, तर दुसरीला पूर्वीचे प्रमुख डेव्हिड स्कॅनेल यांचे. आगीसाठी उच्च दाबाच्या नळांची वेगळी व्यवस्थाही १९१३ पर्यंत उभी राहिली. नौकांनी या नळांत समुद्राचे पाणी भरावे, अशी सोय तीत होती. १९५४ मध्ये डिझेलवर चालणारी ‘फिनिक्स’ आली.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी पुन्हा भूकंप झाला. भरावाच्या जमिनीवर वसलेल्या मरीना भागात नळ फुटले, आग लागली. आगीसाठीच्या वेगळ्या व्यवस्थेतही फूट पडून पाणी वाहून गेले. तेव्हा शहराकडे ‘फिनिक्स’ ही एकच नौका होती. तिने खाडीचे पाणी रस्त्यांवर अंथरलेल्या जाड होजपाइपांतून आगीपर्यंत पोहोचवले.

तिची क्षमता मिनिटाला सुमारे ३६ हजार लिटर, म्हणजे सेकंदाला ६०० लिटर होती. दहा हजार लिटरचा टँकर या वेगाने किती वेळात रिकामा होईल? विद्यार्थ्यांना गणित करू द्या. उत्तर येईल सुमारे १७ सेकंद!

१९९० मध्ये देणगीतून ‘गार्डियन’ ही दुसरी नौका घेतली गेली. २०१६ मध्ये मिनिटाला सुमारे ६८ हजार लिटर पाणी फेकणारी ‘सेंट फ्रान्सिस’ दाखल झाली.

अशी नौका वर्षानुवर्षे धक्क्याला बांधलेली दिसली, की तिच्यावरचा खर्च वायफळ वाटतो. नळ फुटतात त्या दिवशी तिची किंमत कळते. आपल्या गावचा बंब कोठून पाणी भरतो? वीज गेली, नळ बंद पडले, तर जवळची विहीर किंवा तळे किती अंतरावर आहे? आणि त्यातील पाणी उन्हाळ्यात काठापासून किती खोल जाते? वर्गाने एकदा हे मोजून पाहावे.