हे अंतर विटाळाचे नव्हे



रक्ताच्या कर्करोगावर बोनमॅरो ट्रान्सप्लांट करून पेशंट मुंबईहून आपल्या नगरच्या वस्तीत परततो, तेव्हा त्याचे ताट-तांब्या, अंथरूण वेगळे ठेवावे लागते. ज्यांच्या वाडवडिलांनी विटाळ सोसला, त्या आपल्याला हे बोचतेच. म्हणून कारण नीट समजून घेऊ.

हा आजार संसर्गजन्य नाही. पेशंटपासून आपल्याला धोका नाही. आपल्या सर्दी-खोकल्यापासून त्याला आहे. जोरदार केमोने त्याची जुनी अस्थिमज्जा नष्ट केलेली असते. दात्याच्या, बहुधा भावा-बहिणीच्या, पेशींपासून नवी तयार होत असते. पहिले १०० दिवस फार जपावे लागते. प्रतिकारशक्ती सावरायला वर्ष-दोन वर्षे लागतात. लहानपणच्या लसीही डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा घ्याव्या लागतात.

तोवर पाणी उकळलेले, जेवण ताजे व गरम असावे. कच्ची कोशिंबीर, गाड्यावरचे खाणे नको. बांधकामाची धूळ, कबुतरे टाळावीत. विहारातली गर्दी, १४ एप्रिलची मिरवणूक यंदा नको. शाळा, काम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.

ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, अंगावर चट्टे उठले, जुलाब लागले किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी ट्रान्सप्लांट केंद्राला फोन करा. दात्याच्या पेशी शरीरावर उलटल्या असण्याचीही शक्यता असते. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नका.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात हे उपचार १९८३ पासून होतात. बरे होऊन माणसे पुन्हा संसाराला लागतात.

आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली होती. आपणही हात धुऊन, मास्क लावून पेशंटची विचारपूस करू या.