सतरा ते सत्तर: इंजिनिअरच्या करिअरबद्दलचे पाच गैरसमज

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की अनेक घरांत पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल लागल्यासारखं वातावरण होतं. पण इंजिनिअरचं करिअर एका यादीवर ठरत नाही. विशीत, तिशीत, पन्नाशीत ते पुन्हा ठरवावं लागतं आणि ठरवताही येतं. त्याच्या आड येणारे पाच समज तपासून पाहू.

गैरसमज 1: सीईटीत मार्क कमी पडले, आता इंजिनिअर होणं नाही.

वस्तुस्थिती: दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावी सायन्स झालेल्यांना डिप्लोमाच्याही दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर या वाटेनं गेलं तर एखादं वर्ष जास्त जातं, पण ड्रॉइंग आणि वर्कशॉपवर हात चांगला बसतो.

गैरसमज 2: ब्रँच चुकली म्हणजे सगळंच चुकलं.

वस्तुस्थिती: गेट परीक्षेला वयाची अट नाही, तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि अनेक एम.टेक. अभ्यासक्रमांना जवळच्या शाखांचे पदवीधर चालतात. इलेक्ट्रिक गाडी बनवायला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर असे सगळेच लागतात. मात्र काही दारांना वेळेची अट असते. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सेवा परीक्षेला खुल्या गटासाठी 30 वर्षांची मर्यादा आहे. सरकारी सेवेत जायचं असेल तर हा विचार पदवी हातात पडतानाच करावा.

गैरसमज 3: डिग्री झाली, अभ्यास संपला.

वस्तुस्थिती: 30 सप्टेंबर 1993 ला लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत भूकंप झाला, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या भूकंप विभागात गणला जात होता. पुढे 2002 मध्ये भूकंपरोधक बांधकामाची आयएस 1893 ही संहिता सुधारली, पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या विभागात आलं. 2016 मध्ये तिची पुन्हा सुधारणा झाली. नव्वदच्या दशकात शिकलेला सिव्हिल इंजिनिअर कॉलेजच्या वहीवर विसंबून राहिला असता, तर त्याच्या इमारतींत राहणाऱ्यांना ते महागात पडलं असतं. हे प्रत्येक शाखेला लागू आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटीईएल उपक्रम 2003 पासून सुरू आहे आणि त्यावरची व्याख्यानं फुकट पाहता येतात. तिशी-चाळिशीत दर वर्षी एक विषय नव्यानं शिकायचा, असा नेमच ठेवावा.

गैरसमज 4: मूल झालं की बाईचं इंजिनिअरिंग संपलं.

वस्तुस्थिती: ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा त्यांच्या पदरी काही महिन्यांची मुलगी होती. त्यानंतर त्या मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी त्या एक. पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या वीजजनित्रांच्या कामातही त्यांचा वाटा होता. त्यांना माहेरचा भक्कम आधार होता, तो आजही प्रत्येकीला मिळायला हवा. शिवाय आता कायदाही पाठीशी आहे: 2017 पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. हा हक्क मागताना संकोच नको.

गैरसमज 5: अठ्ठावन्न झाले, आता घरी बसायचं.

वस्तुस्थिती: ई. श्रीधरन 1990 मध्ये रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी कोकण रेल्वेची धुरा त्यांनी घेतली. 1998 मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. त्यानंतर दिल्ली मेट्रो उभारून 2011 च्या अखेरीस ते बाजूला झाले, तेव्हा वय होतं 79. सगळेच श्रीधरन होत नाहीत, पण अनुभवी माणसाची गरज सगळीकडे आहे. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. मूल्यांकन, लवाद, पॉलिटेक्निकमधलं अध्यापन हीही कामं आहेत. यांतल्या काहींना नोंदणी आणि पात्रता लागते, म्हणून तयारी पन्नाशीतच सुरू करावी.

पालकांनो, यादीत मुलाचं नाव कुठंही लागो, त्याला धीर द्या. आणि नोकरीत असलेल्या इंजिनिअरांनो, पुढच्या पाच वर्षांत काय शिकायचं ते आजच कागदावर लिहून काढा.