खेळातल्या आगगाडीसाठी तेलाचे कोठार

फर्दापुरास रूळ नाहीत. अजिंठ्याची लेणी पाहावयास येणारे पुष्कळ प्रवासी पूर्वी पाचोरा-जामनेर ह्या अडीच फुटी रुळांच्या गाडीने पहूरला उतरत आणि पुढे सडकेने जात. ५६ किलोमीटरांची ती चिमुकली गाडी २०२० साली बंद पडली. अशा गाड्या लहान प्रमाणात घडवून जपण्याची हौस आपल्याकडेही आहे. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय तिची साक्ष देते.

घरी आगगाडी मांडणाऱ्याचे स्थानक व बोगदा एवढ्यावर फार दिवस समाधान होत नाही. गाडीला वाहून नेण्यास काही तरी हवे, आणि त्यासाठी तेलाचे कोठार फार सोयीचे. परंतु रुळालगत दोन गोल डबे ठेवून त्यांस रुपेरी रंग दिला म्हणजे कोठार झाले, ही समजूत चुकीची आहे. अशी मांडणी खोटी दिसते ती डब्यांमुळे नव्हे, भोवतालच्या मोकळ्या जागेच्या अभावी.

हिशेब करून पाहावा. सांडपाण्याचा ११० मिलिमीटर जाडीचा नळ १:८७ ह्या प्रमाणात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची टाकी होतो. टाकी नऊ मीटर उंच धरली तर तुकडा साडेदहा सेंटिमीटरांचा कापावा. खऱ्या टाकीत सुमारे साडेसहा लाख लिटर तेल मावेल. टाकी फुटली तर हे सारे तेल अडून राहावे म्हणून भोवती बांध असतो. बांध १.२ मीटर उंच घेतल्यास आतले आवार प्रत्येक बाजूस सुमारे २३ मीटर पाहिजे. म्हणजे मेजावर २७ सेंटिमीटर! अकरा सेंटिमीटरांच्या टाकीस एवढे आंगण. बांध मात्र अवघा १४ मिलिमीटर उंच. ही रिकामी जागाच कोठाराला खरेपणा देते. तीत झाडे लावण्याचा मोह आवरावा, कारण तेलाजवळ वाळलेले गवतही राहू देत नाहीत.

टाकीला पांढरा वा रुपेरी रंग देतात तो ऊन परतावे व तेल कमी उडावे म्हणून. वाघिणी वरच्या झाकणातून भरतात, त्यासाठी रुळांवर उंच मचाण असते. रिकाम्या मात्र तळाच्या तोटीतून करतात. इंजिन आणि तेलाच्या वाघिणी यांमध्ये एकदोन साध्या वाघिणी जोडाव्यात. ठिणगीच्या भयाने पाळलेली ही रीत जाणत्याच्या नजरेस तत्काळ भरते.

मनमाडजवळ पानेवाडीस तेलकंपन्यांची मोठी कोठारे आहेत. मुंबईहून नळाने आलेले तेल तेथून वाघिणींतून पुढे जाते. तिकडची गाडी हुबेहूब करू म्हणणाऱ्यास दिवाणखाना पुरणार नाही: एक वाघीण १४ सेंटिमीटर, आणि पन्नासांची माळ सात मीटर. पाचसहा वाघिणींवर भागवावे व फाट्याचे टोक भिंतीआड न्यावे.

पहूरच्या धर्तीची मांडणी करणाऱ्यास एवढाही खटाटोप नको. अडीच फुटी रुळांसाठी त्याच प्रमाणात बाजारातले ९ मिलिमीटरांचे रूळ चालतात. तेथे टाकीऐवजी पत्र्याची वखार, दारापाशी घासलेटचे चौकोनी डबे, चार पिंपे आणि बाहेर सोडलेली एक बैलगाडी असावी; बैल जरा दूर, सावलीत बांधावेत.