भोपाळच्या मातीचे काय?

1 जानेवारी 2025 च्या रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून बारा कंटेनर पिथमपूरकडे निघाले. त्यांत 337 टन विषारी कचरा होता. 2004 पासून चाललेल्या जनहित याचिकेवर जबलपूरच्या उच्च न्यायालयाने 3 डिसेंबरला सरकारला हा कचरा हलवण्यासाठी चार आठवड्यांची मुदत दिली होती. पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. तरी जूनअखेर तो कचरा तिथे जाळून झाला.

भोपाळ आता मोकळे झाले, असे पुष्कळांना वाटते. पण गेला तो पोत्या-पिंपांत भरून ठेवलेला कचरा. जमिनीतले विष जागेवरच आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने हैदराबादच्या ‘एनजीआरआय’सोबत केलेल्या 2010 च्या अभ्यासात दूषित मातीचा अंदाज होता 11 लाख टन. 337 टन म्हणजे त्याचा तीन-हजारावा हिस्साही नव्हे.

हे विष 1984 च्या वायुगळतीच्या रात्रीचे नाही, आणि हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. कीटकनाशके बनवताना निघणारा गाळ, डांबरासारखा चोथा, नासलेला माल आवारातच खड्डे करून टाकला जाई. 1977 मध्ये कारखान्याच्या उत्तरेला मोठी तळी बांधली. सांडपाणी त्यांत सोडायचे आणि उन्हाने आटवायचे, ही पद्धत. तळाला प्लॅस्टिकचे अस्तर होते. ते 1984 च्या आधीच गळू लागले. क्लोरीनयुक्त द्रावके पाण्यापेक्षा जड असतात. ती झिरपत खोल जातात आणि भूजलाबरोबर वर्षानुवर्षे पसरत राहतात. आसपासच्या वस्त्यांनी तेच पाणी हातपंपांतून उपसून प्यायले. त्यांतले अनेक जण दुर्घटनेनंतर तिथे राहायला आले. ते गॅसपीडित नाहीत, तरी भोगतात. त्यांना स्वच्छ पाणी द्या, हे सांगायला 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. कारखान्याची ही 67 एकर जमीन कुंपण घालून सोडून देऊ नये, आणि शुद्ध न करता तिच्यावर काँक्रीट ओतून स्मारकही उभारू नये. ती साफ करून शहराला परत द्यावी. भिंतीने माणसे अडतात, झिरपणारे पाणी अडत नाही.

हे जमते. जर्मनीतल्या डुइसबुर्गचा मायडरिश लोखंड कारखाना 1985 मध्ये बंद पडला. पेटर लाट्स या रचनाकाराने झोतभट्ट्या पाडल्या नाहीत. सर्वांत विषारी माती जुन्या बंकरांत बंदिस्त केली, कमी दूषित जागी झाडे वाढू दिली. 1994 मध्ये तिथे लोकांसाठी उद्यान खुले झाले. गॅसच्या टाकीत आता पाणबुडे सराव करतात. उलट सिअ‍ॅटलचे गॅस वर्क्स पार्क 1975 मध्ये खुले झाले आणि 1984 मध्ये मातीत घातक रसायने सापडल्याने काही काळ बंद ठेवावे लागले. आधी उद्यान, मग तपासणी हा क्रम किती महागात पडतो, ते तिथे दिसले.

पुनर्विकास म्हटले की मुंबईकराला टॉवर आठवतात, आणि त्याचे चुकत नाही. मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जमिनीतला एक-तृतीयांश वाटा महापालिकेचा, एक-तृतीयांश म्हाडाचा, असे 1991 च्या नियमात होते. 2001 च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त मोकळ्या जागेपुरता उरला. भोपाळमध्ये सार्वजनिक वापर पहिल्याच कागदावर कायम व्हायला हवा. ज्यातून वायू गळला त्या एमआयसी संयंत्राचा गंजलेला सांगाडा तसाच राखावा. तो त्या रात्रीचा साक्षीदार आहे.

खर्च? 1989 ची 47 कोटी डॉलरची तडजोड वायुगळतीच्या नुकसानीपोटी होती. माती-पाण्याचा हिशेब वेगळा आहे. डाऊने 2001 मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतली, पण ही जबाबदारी नाकारली. जमीन 1998 पासून राज्य सरकारच्या ताब्यात आहे. प्रदूषण करणाऱ्याकडून पैसे वसूल करण्यासाठी सरकारने जरूर भांडावे, पण निकालाची वाट पाहत माती तशीच ठेवू नये.

सुरुवात तळ्यांपासून करावी. ती कुंपणाच्या बाहेर आहेत, पावसाळ्यात भरतात, आणि काठाला घरे आहेत.