भिंतीवरील बुरशी : तमकश्वासाचा दुर्लक्षित हेतू

वर्षाऋतूत तमकश्वासाचे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. दही, थंड पाणी यांविषयी आपण विचारतो. घराच्या भिंतींविषयी क्वचितच. आमच्याकडूनही ही चूक झाली. एका बालरुग्णास तीन महिने औषधे देऊनही रात्रीचे वेग थांबेनात. अखेर घरी गेलो, तेव्हा पलंगालगतच्या कपाटामागे काळी बुरशी आढळली. भिंतीतील गळका नळ दुरुस्त करून भिंत स्वच्छ केल्यावर, औषधे तीच असता, वेग विरळ झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा रोख निदानपरिवर्जनाचाच आहे : आधी ओल थांबवावी. भिजलेली वस्तू दोन दिवसांच्या आत वाळवावी. कपाट भिंतीस चिकटवू नये. बुरशी कोरडी झाडल्यास बीजाणू उडतात. म्हणून नाक-तोंड झाकून साबणाच्या पाण्याने घासावी व जागा कोरडी करावी. बुरशी धरलेली गादी टाकून द्यावी. केवळ रंग देऊन बुरशी झाकू नये. धूपनावर विसंबू नये. मृत बुरशीही त्रासदायक ठरते आणि धूम हा तर श्वासाचा उक्त हेतू आहे.

औषधालयचालकांनी बुरशी लागलेली मुळे वा चूर्णे उन्हात वाळवून पुन्हा वापरू नयेत. काही बुरशींपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष काढा उकळूनही पुरते नष्ट होत नाही. तोटा सोसावा, माल टाकावा.

‘घरात ओल आहे काय?’ हा प्रश्न रुग्णपत्रिकेत आम्ही कायमचा समाविष्ट केला आहे. व्यवसायबंधूंनीही तो करावा, ही विनंती.