वृद्धनिवासातील गोळ्यांचा डबा

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील लवळ्याच्या टेकडीवर आज सिंबायोसिसचे विद्यापीठ व रुग्णालय उभे आहे. २०२० पासून मुलींचे वैद्यकीय महाविद्यालयही तेथे चालते. मुले परदेशी व आईवडील येथे, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांना वृद्धनिवास निवडताना असे मोठे रुग्णालय जवळ असल्यास हायसे वाटते. ते योग्यच होय. परंतु आत गेल्यावर आपल्या वृद्धांच्या पोटात रोज किती गोळ्या जातात व कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारणारी माणसे आम्हांस क्वचितच भेटतात.

हृदयाचे डॉक्टर निराळे, मधुमेहाचे निराळे, गुडघ्यांचे निराळे. प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबर. मात्र सारी यादी एकत्र वाचून एखादे नाव खोडण्याचे काम कोणाचेच नाही. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने कित्येकांच्या पावलांस सूज येते. ती नवा रोग समजून लघवी वाढविणारी गोळी दिली जाते, मग आजी रात्री तीनदा उठतात, आणि एके रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडतात. मांडीचे हाड मोडल्यावर दोष उंबऱ्याला!

वृद्ध शरीरातून औषध लवकर निघतही नाही. झोपेसाठी देतात ते डायझेपाम विशीतल्या माणसाच्या रक्तात सुमारे २० तासांत निम्मे होते. ऐंशीव्या वर्षी त्यास ९० तासांच्या आसपास लागतात. म्हणजे सोमवारची गोळी उतरण्याआधीच मंगळवारची व बुधवारची तिच्यावर चढते. सर्दीवरची साधी क्लोरफेनिरामिनची गोळीदेखील या वयात भ्रम उत्पन्न करू शकते, व घरची माणसे म्हणतात, 'आजोबांना आता चळ लागला.'

याहून गंभीर गोष्ट गप्प करणाऱ्या औषधांची. स्मृती गेलेले आजोबा सायंकाळी ओरडू लागतात. सेविका एक, खाटा पुष्कळ. मनोविकारावरची गोळी दिली की सारा मजला शांत झोपतो. ही गोळी कोणाच्या सुखासाठी? अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांना केवळ सोयीसाठी असे औषध देण्याची बंदी केली. १९९१ मध्ये डॉ. मार्क बीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती आजही सुधारून वापरतात. २००५ मध्ये तेथील औषधनियंत्रकांनी इशारा दिला की, स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत अशा नव्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू झाला. आपल्याकडील सेविकांना आम्ही बोल लावीत नाही. एकटीने इतके सांभाळणे सोपे नव्हे. पण ओरडण्यामागे दुखणे, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी किंवा हरवलेला चष्मा आहे काय, हे गोळीपूर्वी पाहावयास नको काय?

आमच्या वाचक-भगिनींनी पुढच्या भेटीस खाऊबरोबर एक पिशवीही न्यावी. उशाखालच्या पट्ट्या, कपाटातली चूर्णे, काढे, मलमे, सारे तीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ओतावे. प्रत्येक औषध कशासाठी, केव्हापासून व केव्हापर्यंत, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. स्वतः होऊन मात्र काही बंद करू नये. झोपेची गोळी वर्षानुवर्षे घेतलेली असता एकदम तोडली तर झटके येण्याचेही भय असते. ती आठवड्या-आठवड्याने, थोडी थोडी, डॉक्टरांच्या नजरेखाली उतरवावी लागते, व त्या काळात रात्री जवळ कोण बसणार हे निवासाच्या व्यवस्थापकांशी आधी ठरवावे लागते.