ओट्याला सीलर लावला, तरी साबण हवाच

रेवस बंदरात उतरलेली मासळी थोड्याच वेळात आसपासच्या घरांत साफ व्हायला ओट्यावर येते. खवले, रक्त, मिठाचे पाणी ओट्यावर सांडते आणि पुढे तिथेच कोशिंबीर चिरली जाते. ओट्याच्या दगडाला ‘सीलर’ लावला की हा प्रश्न सुटतो, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

नैसर्गिक दगडात सूक्ष्म छिद्रे असतात. हळद, तेल, मासळीचे पाणी त्यांत मुरते. सीलर ही छिद्रे भरून मुरण्याचा वेग कमी करतो; डाग सहज बसत नाहीत व पुसणे सोपे जाते. पण तो जंतुनाशक नाही आणि आम्लापासून दगडाला वाचवत नाही. संगमरवर व कडप्पा हे मुख्यतः चुन्याचे दगड. लिंबू, चिंच, आमसुलाचे पाणी सांडून राहिले की सीलर असूनही त्यांची झिलई जाते. खडबडीत झालेला भाग नीट स्वच्छ होत नाही. ग्रॅनाइट आम्लाला बराच दाद देत नाही.

सीलर हवा का, हे घरीच कळते. कोरड्या ओट्यावर पाण्याचे चार थेंब टाकून १५ मिनिटे थांबावे. खाली दगड गडद झाला तर तो पाणी शोषतो आहे. सीलर लावताना गॅस बंद, खिडक्या उघड्या आणि मुले दूर असावीत. डब्यावर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत तिथे अन्न ठेवू नये.

खरा धोका कच्च्या मासळीचा. उबदार समुद्राच्या पाण्यात ‘व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस’ हा जिवाणू असतो. १९५० मध्ये जपानमधील ओसाका येथे झालेल्या विषबाधेनंतर तो ओळखला गेला. मासळी नीट शिजली की तो मरतो. पण ओट्यावरून काकडी-कांद्यावर गेला तर त्या शिजत नाहीत. मग बहुधा २४ तासांच्या आत पोटात मुरडा, उलट्या व पातळ जुलाब सुरू होतात.

उपाय साधा आहे. मासळी गोड्या पाण्याने धुवावी. खारे पाणी लागणारा हा जिवाणू गोड्या पाण्यात तग धरत नाही. मासळीची विळी व फळी वेगळी ठेवावी. आधी कोशिंबीर चिरावी, मग मासळीला हात घालावा. काम झाल्यावर ओटा साबण व पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावा. ओट्यावर फरशीचे अॅसिड वापरू नये. ते ब्लीचमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जुलाब लागल्यास ओआरएस लगेच सुरू करावे. शौचात रक्त, खूप ताप, सतत उलट्या किंवा लघवी कमी होणे दिसल्यास, तसेच लहान मूल, वृद्ध व गरोदर स्त्री यांच्याबाबतीत वाट न पाहता दवाखाना गाठावा.